समोरच्याने कोर्ट फी कमी भरली, तर प्रतिवादीला वरच्या कोर्टात दाद मागता येते का?

दोन भावांत जमिनीचा वाद आहे. एकाने दिवाणी दावा लावला. दुसऱ्याचे म्हणणे असे की, दाव्याची किंमत कमी दाखवून कोर्ट फी वाचवली आहे. न्यायाधीशांनी मात्र भरलेली फी बरोबर ठरवली. या आदेशाविरुद्ध दुसरा भाऊ हायकोर्टात जाऊ शकतो का? बहुतेक वेळा नाही. माझ्या मते हा नियम योग्य आहे, पण त्याची दुसरी बाजूही पाळली गेली पाहिजे.

फी कमी भरली तर नुकसान कोणाचे?

कोर्ट फी हा राज्य सरकारचा महसूल आहे. महाराष्ट्रात ती १९५९च्या कायद्यानुसार आकारली जाते. २०१८मध्ये तिची कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाख रुपये झाली. फी कमी भरली तर खड्डा तिजोरीला पडतो, प्रतिवादीच्या खिशाला नाही. रत्नवर्मराजा विरुद्ध विमला या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९६१मध्ये हेच सांगितले. हा प्रश्न मुख्यतः वादी आणि सरकार यांच्यातला आहे. दावा अडवण्याचे हत्यार म्हणून प्रतिवादीने तो वापरू नये.

मग आक्षेपच घ्यायचा नाही का?

घेता येतो, पण त्याच कोर्टात. लेखी कैफियतीत मुद्दा मांडता येतो. मूल्यांकन तपासण्यासाठी अर्जही करता येतो. फी कमी निघाली तर कोर्ट वादीला मुदत देते. त्या मुदतीत ती भरली नाही, तर ऑर्डर ७, रूल ११ खाली वादपत्र फेटाळले जाते.

अपवाद कोणता?

अधिकारक्षेत्राचा. कनिष्ठ स्तर न्यायालयाला ठरावीक रकमेपर्यंतचेच दावे चालवता येतात. किंमत कमी दाखवल्यामुळे दावा चुकीच्या कोर्टात गेला असेल, तर प्रश्न फक्त फीचा राहत नाही. सुजीर केशव नायक खटल्यात (१९९२) सुप्रीम कोर्टाने म्हटले की, असा आक्षेप प्राथमिक मुद्दा म्हणून आधी निकाली काढावा.

प्रतिवादीने हेही लक्षात ठेवावे

दावा हरणाऱ्यावर कोर्ट बहुधा खर्च बसवते आणि त्यात कोर्ट फीही धरली जाते. म्हणजे आज वादीची फी वाढवण्यासाठी भांडणारा प्रतिवादी उद्या हरला, तर ती वाढीव रक्कम त्याच्याच माथी येऊ शकते. तरीही हा वाद लढवला जातो. कारण तो चालतो तोवर मूळ दावा पुढे सरकत नाही, आणि जमीन ज्याच्या ताब्यात असते त्याला घाई नसते.

दुसरी बाजू

ज्याचा पैसा बुडतो ते सरकार अशा खासगी दाव्यांत सहसा हजरच नसते. त्यामुळे कमी फीकडे बोट दाखवणारा बहुतेकदा प्रतिवादीच असतो. त्याला अपील नाकारायचे, तर खालच्या कोर्टाने त्याचा आक्षेप सुरुवातीलाच ऐकायला हवा आणि कारणे देऊन आदेश करायला हवा. ‘पुढे बघू’ म्हणून तो टांगता ठेवणे ना तिजोरीच्या हिताचे, ना त्या दोन भावांच्या.