डांबरावर स्वे बार हवाच

“थारचा स्वे बार काढून टाकला, आता गाडी काय फ्लेक्स करते!” असं छाती फुगवून सांगणाऱ्या प्रत्येकाला मला विचारायचं आहे: मग घरी कुठल्या रस्त्याने गेलात? ओढ्यातले खडक तासाभरात संपतात. पुढे ताम्हिणी घाट असतो आणि समोरून लेकराला पुढे बसवून कुणीतरी स्कूटरवर येत असतं. तुमच्या हौसेची किंमत त्याने का मोजायची?

स्वे बार ही डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी सळई. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर ती नुसती फिरते. एक वर, एक खाली गेलं की पिळते आणि गाडीचं झुकणं रोखते. खडकावर हाच पीळ आड येतो, चाक खाली उतरू देत नाही. तिथे बार चाकांशी जोडणारे लिंक तेवढ्यापुरते सोडवायला माझी हरकत नाही. चीड आहे ती बार कायमचा काढून भंगारात टाकण्याची.

वळणावर बाहेरच्या चाकांवर जाणारा एकूण भार बार काढून फारसा बदलत नाही. तो गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा वेग यांवर ठरतो. बदलते ती त्या भाराची पुढच्या-मागच्या चाकांतली वाटणी. पुढचा बार काढून मागचा ठेवलात, तर मागच्या बाहेरच्या चाकावरचा वाटा वाढतो आणि झटक्यात स्टिअरिंग फिरवलं की मागची बाजू सुटू लागते. शिवाय बॉडी जास्त झुकते. म्हैस आडवी आली, एकीकडे वळवून लगेच दुसरीकडे वळवलं, की पहिला झोक ओसरायच्या आत दुसरा आदळतो. 1997 मध्ये स्वीडनमध्ये अशाच दुहेरी वळणाच्या चाचणीत मर्सिडीजची नवी ए-क्लास उलटली होती आणि कंपनीला सस्पेन्शन बदलून ईएसपी, म्हणजे गाडीचा तोल सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, बसवावी लागली. ती तर छोटी, शहरी गाडी होती.

“मी हळूच चालवतो” हे उत्तर मला ऐकवू नका. म्हैस तुमचा वेग विचारून रस्त्यात येत नाही.

त्यात नक्कलही आंधळी. अमेरिकेतल्या व्हिडिओंतल्या जीप रँग्लरला पुढेही अखंड एक्सल असतो, म्हणून बार सोडल्यावर तिचं चाक हातभर खाली जातं. 2020 च्या थारला पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाचं स्वतंत्र सस्पेन्शन, आहे. तिथे चाकाची धाव विशबोन आणि डँपरच अडवतात. मिळकत थोडी आणि धोका पुरा.

आपल्या रांजणगावात जुळवली जाणारी रँग्लर रुबिकॉन पाहा. तिचा पुढचा बार बटणाने सुटतो, तोही फोर-व्हीलमध्येच, आणि वेग ताशी 29 किलोमीटरच्या आसपास गेला की गाडी तो स्वतःच पुन्हा जोडते. जीप बनवणाऱ्यांना जो भरवसा वाटला नाही, तो आमच्या गॅरेजवाल्याला दोन पाने हातात घेतल्याबरोबर वाटतो! आणि अशी गाडी विकताना पुढच्या मालकाला बार काढल्याचं न सांगणं ही सरळ फसवणूक आहे.

झटपट निघणाऱ्या पिनांचे लिंक मिळतात, ते लावा. सुटलेला बार ब्रेकच्या होजला घासणार नाही असा वर बांधा. गॅरेजवाल्यांनी काढलेला बार बिलावर लिहावा. आणि ट्रेल संपतो तिथे आयोजकांनी स्वतः वाकून प्रत्येक गाडीच्या खाली पाहावं. पिना बसल्याशिवाय एकही गाडी डांबरावर सोडू नये.