कोपरा कोरा का राहतो?

भोसरी एमआयडीसीतल्या पावडर कोटिंगच्या शेडमध्ये हँगरला टांगलेला खोलगट ब्रॅकेट नवख्या ऑपरेटरची हमखास फजिती करतो. कडांवर पावडरचा जाड थर आणि आतले कोपरे कोरे. मग तो पावडर फवारणाऱ्या गनचे व्होल्टेज वाढवतो. कोपरे तसेच राहतात, कडा मात्र आणखी फुगतात. जुना कारागीर येऊन उलटेच करतो: केव्ही (किलोव्होल्ट) खाली, हवा कमी, नोझल बदल. जॉब सुटतो. पण कारण सांगायला वेळ कोणाला?

ते कारण अकरावीच्या पुस्तकात आहे. बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारा एकूण विद्युत फ्लक्स फक्त आत कोंडलेल्या प्रभारावर ठरतो, हा गॉसचा नियम. धातूच्या डब्याच्या पत्र्यातूनच, त्याच्या जाडीत, असा पृष्ठभाग कल्पावा. प्रभार स्थिरावल्यावर धातूत विद्युत क्षेत्र उरत नाही. म्हणून फ्लक्स शून्य आणि आतला एकूण प्रभारही शून्य. रिकाम्या डब्याचा सगळा प्रभार बाहेरच्या अंगावर बसतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३६ मध्ये लंडनमध्ये धातूने मढवलेल्या मोठ्या पिंजऱ्यात स्वतः बसून हे पडताळले होते. ब्रॅकेट एका बाजूने उघडा, त्यामुळे हिशेब तंतोतंत लागू होत नाही. तरी बहुतेक क्षेत्ररेषा कडांवरच संपतात आणि प्रभारित पावडर त्यांच्यामागे जाते. व्होल्टेज वाढवणे म्हणजे कडांची ओढ वाढवणे.

बारावीत याच नियमाचे उपयोग येतात: प्रभारित गोल कवच, अनंत लांबीची तार, अनंत पत्रा. अनंत पत्रा चाकणच्या कोणत्याही गोदामात मिळत नाही! सिद्धता पाठ होते, गुण मिळतात आणि तोच विद्यार्थी पुढे अप्रेंटिस म्हणून पेंट शॉपमध्ये गेला की नियम आणि गन यांची गाठ पडत नाही.

कारखान्यांनी आपल्या परीने तोडगा काढलेला आहे. मोटारीची बॉडी सीईडीच्या, म्हणजे विजेच्या प्रवाहाने रंग चढवण्याच्या, टाकीत बुडवतात तेव्हा बाहेर बसलेला थर विजेला अडवू लागतो आणि प्रवाह पोकळ भागांकडे वळतो. तिथे रंग पोहोचावा म्हणून डिझाइनमध्येच भोके ठेवलेली असतात.

म्हणून कनिष्ठ महाविद्यालयांनी वर्षातून एक तास अशा शेडमध्ये घालवावा आणि आयटीआयच्या प्रशिक्षकांनी केव्हीचा आकडा सांगताना क्षेत्ररेषांचे चित्रही फळ्यावर काढावे. शेडमालकांनी हा खर्च समजू नये. ओव्हनमधून बाहेर आलेला सदोष जॉब खरवडून पुन्हा चढवावा लागतो. पावडर, गॅस आणि पाळी तिन्ही दोनदा जातात.