नाक्यापलीकडची दिवाळी

दिवाळीचे पाच दिवस नेपाळमध्येही असतात. तिथे त्यांना तिहार म्हणतात. पहिला मान कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा, मग लक्ष्मीपूजन आणि शेवटी भाइटीका, म्हणजे आपली भाऊबीज. २०१५ साली हा सण आला तेव्हा काठमांडूत गॅसचा सिलिंडर मिळेना, आणि मिळालाच तर अर्धा भरलेला. शहरातल्या घरांत पुन्हा लाकडाच्या चुली पेटल्या, पंपांपुढच्या रांगा हटेनात, औषधे संपत आली. एप्रिलच्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे गेली होती आणि डोंगराळ भागातली असंख्य कुटुंबे अजून पत्र्याच्या, ताडपत्रीच्या आडोशाला होती. इकडे रक्सौल-वीरगंज नाक्यावर मालमोटारी खोळंबल्या होत्या. नेपाळला लागणारे जवळजवळ सगळे इंधन भारतातूनच जात असे.

सणाच्या अंकाचे पहिले पान नाकेबंदीने उघडावे, हे काहींना रुचणार नाही. पण मोठ्या देशाने शेजाऱ्याच्या राजकारणात किती शिरावे, या प्रश्नाचे उत्तर परराष्ट्र खात्याच्या पत्रकांत शोधण्यापेक्षा त्या स्वयंपाकघरांत शोधलेले बरे.

प्रकरणाचे मूळ नेपाळच्या नव्या राज्यघटनेत होते. २० सप्टेंबर २०१५ रोजी ती लागू झाली. तराईतल्या मधेशी आणि थारू समाजांना प्रांतांच्या सीमा व प्रतिनिधित्व यांत आपल्यावर अन्याय झाल्याचे वाटत होते, आणि ते निराधार नव्हते. आंदोलनात चाळीसहून अधिक जीव गेले. सीमा खुली, दोन्हीकडे रोटी-बेटी व्यवहार. तराई पेटली की धग बिहारला लागणार. तेव्हा दिल्लीला काळजी वाटली, यात गैर काही नाही. गैर झाले ते पुढे. घटना लागू होण्याला दोन दिवस उरले असताना परराष्ट्र सचिव एस. जयशंकर पंतप्रधानांचे दूत म्हणून काठमांडूला पोहोचले. संविधान सभेने प्रचंड बहुमताने मंजूर केलेली घटना थांबवून सर्वांना सोबत घ्या, असा त्या भेटीचा सूर होता. नेपाळी नेत्यांनी ऐकले नाही. भारताने घटनेचे स्वागत केले नाही, फक्त ‘नोंद घेतली’, आणि काही दिवसांतच वाहतूक आटली.

नाकेबंदी आम्ही केलेली नाही, मधेशी आंदोलक पुलावर बसले आहेत, असे दिल्ली अखेरपर्यंत म्हणत राहिली. आंदोलक पुलावर बसले होते हे खरेच. मात्र जिथे कोणी बसलेले नव्हते त्या नाक्यांवरूनही गाड्या का सुटत नाहीत, या नेपाळी प्रश्नाला पटेल असे उत्तर कधी मिळाले नाही.

मग निष्पन्न काय झाले? फेब्रुवारी २०१६च्या सुमारास नाकेबंदी उठली, तरी मधेशींच्या प्रमुख मागण्या लोंबकळतच राहिल्या. पंतप्रधान के. पी. शर्मा ओली मात्र राष्ट्राभिमानाचा चेहरा झाले. ऑक्टोबरातच नेपाळने चीनच्या तेल कंपनीशी करार केला होता. मार्च २०१६मध्ये ओलींनी बीजिंगला जाऊन चिनी बंदरांतून मालवाहतुकीचा करार पदरात पाडून घेतला. हिमालय ओलांडून तेल आणणे महाग आणि अवघड, हे ओलींनाही ठाऊक होते. त्यांना तेलापेक्षा त्या कागदाचे मोल अधिक होते, आणि तो कागद मिळवण्याची निकड दिल्लीनेच निर्माण केली होती. नंतरच्या निवडणुकीत डाव्या आघाडीला जवळपास दोन-तृतीयांश जागा मिळाल्या.

हा धडा तोपर्यंत जुना झाला होता. जून १९८७मध्ये भारतीय हवाई दलाच्या पाच विमानांनी कोलंबोचा विरोध झुगारून श्रीलंकेतल्या जाफन्यावर मदतसामग्री टाकली. पुढच्याच महिन्यात, २९ जुलैला, पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्यात करार झाला. दुसऱ्या दिवशी राजीव गांधी मानवंदना स्वीकारत असताना श्रीलंकेच्या एका नौसैनिकाने त्यांच्यावर बंदुकीच्या दस्त्याचा वार केला. भारताची शांतिसेना उतरली. तिची एकंदर सूत्रे लष्कराच्या पुण्यातील दक्षिण मुख्यालयाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग यांच्याकडे होती. ज्या तमिळ वाघांना भारतातच शस्त्रांचे शिक्षण मिळाले होते, त्यांच्याशीच ऑक्टोबरपासून या सेनेला लढावे लागले. नंतर आलेल्या अध्यक्ष प्रेमदासांना भारतीय सैन्य इतके नकोसे झाले, की त्यांच्या सरकारने या सेनेविरुद्ध वाघांनाच हत्यारे पुरवली. मार्च १९९०मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर सुमारे १,२०० भारतीय जवान गेले होते. वर्षभराने श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. तमिळांना न्याय मिळावा हा हेतू खोटा नव्हता, पण दुसऱ्याच्या देशातले गणित आपणच सोडवू, हा भरवसा अंगाशी आला.

मग दारे लावून घरात बसावे काय? तसे म्हणणारे १९७१ विसरतात. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून आले, तेव्हा ‘अंतर्गत बाब’ हे शब्द हास्यास्पद झाले होते. नोव्हेंबर १९८८मध्ये भाडोत्री बंदूकधाऱ्यांनी माले बेट ताब्यात घ्यायला सुरुवात केली. अध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि आग्र्याहून निघालेले छत्रीधारी सैनिक त्याच रात्री मालदीवमध्ये उतरले. दोन्ही प्रसंगांत हस्तक्षेप झाला आणि त्याबद्दल कृतज्ञताही उमटली. ढाक्याहून भारतीय सैन्य विजयानंतर तीन महिन्यांच्या आत परतले, ही गोष्ट या कौतुकात नेहमी मागे पडते. विजयी सेना इतक्या लवकर निघून जाते, असे फार थोड्या वेळा घडले आहे.

खरे तर मोठा देश पूर्णपणे बाहेर राहूच शकत नाही. नेपाळी रुपया १९९३पासून भारतीय रुपयाला १.६०च्या दराने बांधलेला आहे. २०१६च्या नोटाबंदीत नेपाळी बँकांतल्या आणि मजुरांच्या गाठीशी असलेल्या भारतीय नोटा तशाच पडून राहिल्या. दिल्लीत तो निर्णय घेताना नेपाळचा विचार कोणाच्या मनातही नसावा. वजनदार शेजाऱ्याने नुसती कूस बदलली तरी पलीकडची भिंत हलते. म्हणून ‘लांब राहा’ हा सल्ला अपुरा आहे. तिथे कोण राज्य करील हे आपण ठरवायचे नाही, एवढी मर्यादा मात्र पाळता येते. पण दिल्लीतल्या तज्ज्ञांना मोह आवरत नाही. ‘आपला माणूस’ हा त्यांचा लाडका शब्दप्रयोग आहे.

या मोहाची किंमत ढाक्यात दिसली. बांगलादेशातल्या जानेवारी २०१४च्या निवडणुकीवर प्रमुख विरोधी पक्षाने बहिष्कार टाकला. ३०० पैकी १५३ जागा बिनविरोध गेल्या. त्याआधी भारताच्या परराष्ट्र सचिव सुजाता सिंग ढाक्याला जाऊन आल्या होत्या आणि निवडणूक लढवण्याचा आग्रह त्यांनी आपल्याला केला, हे माजी लष्करशहा इर्शाद यांनी पत्रकारांना सांगून टाकले. पंतप्रधान शेख हसीना भारताच्या भरवशाच्या मैत्रीण होत्या, ईशान्येतल्या बंडखोरांना त्यांनी थारा दिला नाही, हे सगळे खरे. परंतु मैत्री एका व्यक्तीशी बांधली गेली. ५ ऑगस्ट २०२४ रोजी हसीना पळाल्या तेव्हा रस्त्यावरच्या रागात भारताचाही वाटा निघाला.

याउलट उदाहरण मालदीवचे. फेब्रुवारी २०१८मध्ये अध्यक्ष यामीन यांनी आणीबाणी लादली, न्यायाधीशांना अटक केली. माजी अध्यक्ष नशीद यांनी लष्करी पाठबळासह दूत पाठवा, अशी भारताला उघड विनवणी केली. दिल्लीतही कुरकुर झाली: १९८८मध्ये जमले ते आता का नको? भारत गेला नाही. सप्टेंबरात मालदीवच्या मतदारांनीच यामीन यांना घरी बसवले. संयमाने मित्र कायमचे मिळतात असे मात्र नव्हे. २०२३मध्ये भारतविरोधी प्रचाराच्या लाटेवर मुइझ्झू निवडून आले आणि मे २०२४पर्यंत भारतीय सैनिकांना बेटांवरून परतावे लागले. दिल्लीने आदळआपट न करता त्यांच्या जागी तंत्रज्ञ पाठवले. जुलै २०२५मध्ये मालदीवच्या साठाव्या स्वातंत्र्यदिनाला पाहुणे म्हणून भारताचे पंतप्रधान होते आणि यजमान होते तेच मुइझ्झू.

पुढची परीक्षा पाण्याची आहे. पंतप्रधान देवेगौडा आणि हसीना यांनी डिसेंबर १९९६मध्ये केलेल्या गंगा पाणीवाटप कराराची तीस वर्षांची मुदत डिसेंबर २०२६मध्ये संपते. फराक्का बंधाऱ्याखालच्या बांगलादेशी शेतकऱ्याला उन्हाळ्यात किती पाणी मिळेल, हे दिल्ली नदीची पातळी पाहून ठरवते की ढाक्यात खुर्चीवर कोण बसले आहे ते पाहून, हे त्या वाटाघाटींत कळेल.