गढूळ पाण्यातले गाणे

उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहुणे आले म्हणजे आपल्या घरांतून चायना ग्रासचे पुडिंग हमखास होते. कढत दुधात विरघळणारे ते पांढरे दोरे म्हणजे समुद्रातल्या शेवाळाचा अर्क, हे ते चवीने खाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. आइस्क्रीमला दाटपणा यावा, टूथपेस्ट एकजीव राहावी, म्हणून त्यांत जो कॅराजीनन नावाचा पदार्थ घालतात, तोही शेवाळातूनच काढलेला. शेवाळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विहिरीच्या निसरड्या पायऱ्या येतात. परंतु वाचकहो, या शेवाळाची समुद्रात रीतसर शेती होते आणि तिचा आपल्या गुजरातशी फार जवळचा संबंध आहे.

भावनगर येथे 1954 साली मीठ आणि सागरी रसायने यांच्या संशोधनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञांनी 1984 मध्ये कॅपाफायकस या शेवाळाचे मूळचे फिलिपीन्सचे वाण जपानहून आणून सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वाढवून पाहिले. पुढे ते तामिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर नेले गेले आणि तेथे त्याची खरी शेती उभी राहिली. बांबूंचा चौकोनी तराफा करावयाचा, त्यावर दोऱ्या ताणून शेवाळाचे तुकडे बांधावयाचे आणि तो उथळ समुद्रात नांगरून ठेवावयाचा. सुमारे दीड महिन्यात पीक हाती येते. नांगरणी नाही, खत नाही, गोडे पाणी नाही. या कामात मच्छीमार कुटुंबांतील स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत.

मात्र जमिनीवरचा शेतकरी बांधावर उभा राहून सारे शेत एका नजरेत घेतो. येथे पीक पाण्याखाली. पाणी तापले, पावसाने त्याचा खारेपणा उतरला की शेवाळाच्या फांद्या पांढऱ्या पडून गळू लागतात. मासे कोंब कुरतडतात, दुसरे शेवाळ त्यावर चढते. आणि 2008 मध्ये तर असे आढळून आले की, मन्नारच्या आखातातील कुरुसडई बेटापाशी हे परके शेवाळ जिवंत प्रवाळांवर पसरले आहे. शेतातले पीक कुंपण ओलांडून रानात शिरावे, तसेच हे झाले. पाण्याखाली सतत लक्ष ठेवण्याची गरज पिकासाठी आहे, तशीच समुद्रासाठीही आहे.

म्हणून तेथे कॅमेरा ठेवावा, असे कोणासही सुचेल. अडचण पुढची आहे. त्याने पाहिलेले वर आणावयाचे कसे? तार लावली तर लाटांच्या हिसक्यांनी ती तुटते. रेडिओच्या लहरी खाऱ्या पाण्यात शिरताच विरून जातात. आपला मोबाइल तेथे निरुपयोगी. पाणबुड्यांना संदेश धाडण्यासाठी नौदलास तिरुनेलवेलीजवळ 1990 मध्ये अतिशय कमी कंपनांच्या लहरींचे प्रचंड केंद्र उभारावे लागले, ते याच कारणाने. आणि त्या लहरींवरून थोडी अक्षरे जातात, चित्रे नव्हेत. ध्वनी पाण्यात दूरवर जातो, पण त्याची चाल चित्रांच्या मानाने फारच मंद. राहता राहिला प्रकाश. डोळ्यांस कळणार नाही इतक्या वेगाने दिवा लुकलुकवून त्या लुकलुकण्यात संदेश गुंफावयाचा, ही कल्पना नवी नाही. टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल यांनी 1880 मध्येच सूर्यकिरणांवरून माणसाचा आवाज दोनशे मीटरपलीकडे पोहोचविला होता. आज निळ्या-हिरव्या दिव्यांनी तेच काम पाण्याखाली होते, आणि कॅमेऱ्याची चित्रेही वर येतात.

हे सारे मी पुस्तकांतून वाचले होते. त्याचा खरा धडा मात्र मला आमच्या शाळेतील आठवीच्या मुलांनी दिला.

आमची बहुतेक मुले लिंबायत-उधन्याच्या वस्तीतली. त्यांची घराणी जळगाव, धुळे, नंदुरबारकडून लूमच्या कामासाठी सुरतेस आलेली. विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी प्रकाशावरून गाणे पाठविण्याचा प्रयोग बसविला. एका बाजूस गाण्याच्या तालावर थरथरणारा एलईडी, दुसऱ्या बाजूस लहानसे सोलर पॅनेल व त्यास जोडलेला स्पीकर. मध्ये काचेची टाकी. टाकीत नळाचे पाणी भरले तेव्हा गाणे खणखणीत वाजले. मी प्रसन्न झालो आणि बक्षीस आपलेच, असे मनोमन ठरवून टाकले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी एका मुलीने डुमसच्या किनाऱ्यावरून कॅनभर पाणी आणले. टाकीत ते ओतताच गाणे बंद. चहासारखे तपकिरी पाणी ते! मी घाईने म्हणालो, "अगं, ओतून दे ते. नळाचे भर." ती चाचरत म्हणाली, "पण सर, समुद्र काय नळातून येतो का?"

मला उत्तर देता आले नाही. तीस वर्षे मुलांना सत्याचे धडे दिले. आणि बक्षिसाच्या मोहाने मीच त्यांना खोटा समुद्र मांडावयास सांगत होतो. मुलांनी दोन टाक्या ठेवल्या. एकीत नळाचे पाणी, दुसरीत डुमसचे. रात्रभरात गाळ तळाशी बसला आणि सकाळी दुसऱ्या टाकीतूनही गाणे क्षीण स्वरात ऐकू येऊ लागले. परीक्षकांसमोर त्या मुलीने पाणी ढवळले, गाणे थांबले. "आमच्या आखातात पाणी कधीच निवांत बसत नाही, म्हणून हे यंत्र ओखा-द्वारकेकडे चालेल, इथे चालणार नाही," असे तिने स्पष्ट सांगितले. तिचे म्हणणे खरेच आहे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचे पाणी दहा मीटरच्या आसपास चढते-उतरते आणि गाळ अहोरात्र घुसळला जातो. बक्षीस अर्थातच दुसऱ्या शाळेस मिळाले.

परतताना एक मुलगा म्हणाला, "सर, तापीतली माती म्हणजे आपल्या गावचीच ना?" होय बाळांनो. उकाईच्या धरणात तिच्यातली बरीचशी अडते. तरी खानदेशची काळी माती युगानुयुगे याच वाटेने येथवर आली आहे. तुमचे आईबापही त्याच वाटेने आले.

या विषयातील आणखी एक गंमत सांगतो. शेवाळावर पाळत ठेवण्यासाठी पाण्यात सोडलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर काही दिवसांत शेवाळच चढते. मग कोणीतरी पाण्यात उतरून तो डोळा पुसावा लागतो. फांदी पांढरी पडली, हे कॅमेरा दाखवील. ती आज कापावी की दोन दिवस थांबावे, हे मात्र रोज कमरेइतक्या पाण्यात उभी राहणारी बाई सांगेल. यंत्र तिच्या मदतीस यावे. तिची जाण निकामी ठरविण्यास येऊ नये. पाहण्याचे साधन कितीही सूक्ष्म असो, दिसले तेच सांगण्याचे धैर्य माणसालाच आणावे लागते.

असो. ती दुसरी टाकी माझ्या कार्यालयात अजून आहे. गाळ तळाशी बसला आहे आणि पाणी वर नितळ दिसते. भेटीस येणारे तिच्याविषयी विचारतात, तेव्हा मी ते पाणी हलकेच ढवळून दाखवितो.