गोठा आणि दावण : सावरलेली शेळी पुन्हा का बिघडते?



या खेपेला एका ताईंचा प्रश्न घेतला आहे. त्यांच्या घरी दोन उस्मानाबादी शेळ्या आहेत. त्यांतल्या मोठ्या शेळीने रात्री दावे सोडवून ज्वारीच्या पोत्यात तोंड घातले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने चारा टाकला, रवंथ थांबला, दात खाऊ लागली आणि आंबट वासाची पातळ हगवण सुरू झाली. पशुवैद्यकीय डॉक्टर आले, सलाइन दिले, शेळी वाचली. पण तिच्या अंगी ताकद यावी म्हणून सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी मक्याच्या भरड्याची गूळ घालून पेज पाजली आणि शेळी पुन्हा आडवी झाली. ताई विचारतात, "एवढ्या मायेने दिलेले अन्न अंगावर का आले? आणि आता तिला खायला घालू तरी काय?" या शेळीच्या करडांवर मुलाच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च अवलंबून आहे, असेही त्यांनी लिहिले आहे. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगीच नाही.

ताई, सासूबाईंना दोष देऊ नका. आजाऱ्याला पेज द्यावी हे माणसाच्या बाबतीत खरेच आहे. पण शेळीचे पोट माणसासारखे नसते.

पोटातली भट्टी

शेळी, गाय, म्हैस यांच्या डाव्या कुशीत कोठीपोट असते. तिथे चारा आंबवणारे कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. कडबा, पाला, गवत हे शेळी स्वतः पचवत नाही. हे जीव पचवतात आणि त्यातून तिला ताकद मिळते. आपण शेळीला चारा घालतो तेव्हा खरे तर आधी या जिवांना जेवू घालत असतो.

या जिवांच्याही जाती आहेत. काही कडब्यावर जगतात, काही दाण्यावर. चारा हळूहळू बदलला तर त्यांची संख्याही हळूहळू बदलते. त्याला दोन-तीन आठवडे लागतात. पण एका रात्रीत किलोभर दाणे पोटात गेले, तर दाण्यावर वाढणारे जीव एकदम माजतात आणि भरमसाट आम्ल तयार करतात. त्या आम्लात कडबा पचवणारे जीव मरतात, पोटाची हालचाल थांबते आणि अंगातले पाणी पोटात ओढले जाते. म्हणून शेळी सुकते, डोळे खोल जातात आणि हगवण लागते.

उपचाराने आम्ल कमी झाले, तरी मेलेले जीव लगेच परत येत नाहीत. अशा रिकाम्या भट्टीत मका आणि गूळ पडला, की पुन्हा आम्लच तयार होणार. तुमच्या शेळीचे नेमके हेच झाले.

बरे होताना काय द्यावे

पहिले तीन-चार दिवस दाणा, भरडा, पेंड, गूळ, भाकरी, भात यांतले काही म्हणजे काही देऊ नये. वाळलेला चारा हेच औषध समजावे. ज्वारीचा स्वच्छ कडबा, वाळलेले गवत, तुरीचे किंवा हरभऱ्याचे भूस थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा पुढे टाकावे. कडबा फार बारीक करू नये. जाड चारा चावताना लाळ जास्त सुटते आणि लाळेत निसर्गानेच सोडा घातलेला आहे. तो पोटातले आम्ल मारतो. बुरशी आलेला चारा मात्र दाखवूसुद्धा नये.

हगवण असेपर्यंत स्वच्छ पाणी नेहमी जवळ हवे. त्यात चिमूटभर मीठ चालेल, गूळ नको.

शेजारी निरोगी शेळी असेल तर जुन्या जाणत्यांचा एक उपाय शास्त्रालाही मान्य आहे. रवंथ करणाऱ्या निरोगी शेळीच्या तोंडातला घास काढून आजारी शेळीला भरवावा. त्यातून चांगले जीव तिच्या पोटात जातात. हे काम डॉक्टरांना विचारून करावे. ते नळीने निरोगी जनावराच्या कोठीपोटातले पाणी काढून अधिक प्रमाणात देऊ शकतात.

लेंड्या बांधून येऊ लागल्या की पाचव्या दिवसापासून मूठभर हिरवा पाला सुरू करावा आणि रोज थोडा वाढवावा. लेंड्या पुन्हा सैल झाल्या तर दोन दिवस मागे यावे. खुराकाची घाई नको. आठवडा-दहा दिवस सगळे ठीक राहिले, तर ५० ग्रॅम खुराकाने सुरुवात करावी आणि दर तीन-चार दिवसांनी तेवढाच वाढवावा.

सुधारणा कशी ओळखावी

डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरावी. निरोगी शेळीत मिनिटाला एक-दोन वेळा आतून लाट आल्यासारखी मूठ वर उचलली जाते. ही लाट परत येणे हे पहिले शुभचिन्ह. दुसरे, रवंथ. तिसरे, बांधीव लेंड्या. शेळी नुसती उभी राहिली किंवा एक घास खाल्ला म्हणजे ती बरी झाली असे नव्हे. पुढे काही दिवस तिचे खूरही पाहावेत. या आजारानंतर खुरात दाह होऊन जनावर लंगडू शकते. गाभण असेल तर जास्तच जपावे.

पुन्हा असे घडले तर

शेळीने दाणे खाल्ल्याचे कळले की लक्षणांची वाट पाहू नये. ती दिसायला बारा तासांहून अधिक वेळ लागतो आणि तोच वेळ हाताशी असतो. उरलेला दाणा काढून घ्यावा, पुढे कडबा टाकावा, शेळीला हळू चालवावे. पाणी एकदम भरपूर न देता थोडे थोडे द्यावे. मोठ्या शेळीला चहाचे तीन चमचे खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून पाजता येतो. धुण्याचा सोडा कधीही नको. पाजताना तोंड फार वर करू नये, जीभ धरू नये आणि घोट घोट पाजावे. औषध फुप्फुसात गेले तर दुसरेच संकट उभे राहते. आडव्या पडलेल्या जनावराला तोंडाने काहीच पाजू नये.

ओला लसूणघास किंवा बरसीम उपाशीपोटी खाऊन डावी कूस ढोलासारखी फुगली, तर ती पोटफुगी. तिथे उपाय वेगळा. शेळीचे पुढचे पाय उंचवट्यावर येतील असे उभे करावे आणि अर्धी वाटी गोडेतेल सावकाश पाजावे. पोटात सुरी खुपसण्याचा प्रयोग घरी करू नये.

तोंड उघडून श्वास घेणे, जमिनीवर पडून न उठणे, मान मागे टाकणे, आंधळ्यासारखे भिंतीवर धडकणे यांतले काहीही दिसले तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. लगेच डॉक्टरांना बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

आधीच जपलेले बरे

धान्याची पोती दाराआड ठेवावीत. दाव्याची गाठ रात्री एकदा तपासावी. लग्नकार्यात उरलेला भात, पुऱ्या, पुरण गोठ्यात ओतू नये. जनावर आवडीने खाते, पण त्याचाही दाण्यासारखाच घात होतो. पावसाळ्याच्या तोंडी कोवळ्या गवतावर सोडण्याआधी शेळ्यांना थोडा कडबा घालावा आणि चराईचा वेळ रोज थोडा वाढवावा. कोणताही नवा चारा जुन्यात मिसळून दहा-पंधरा दिवसांत पूर्ण बदलावा. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. पोट बिघडण्याच्या दिवसांत हाच रोग काही तासांत चांगली शेळी नेतो.

ज्यांच्याकडे ससे किंवा मुलांनी हौसेने पाळलेले गिनीपिग आहेत, त्यांनीही बदल हळूहळू करण्याचा आणि वाळल्या गवताचा हाच नियम पाळावा. त्यांच्या आतड्याच्या मोठ्या पिशवीतही चारा आंबवणारे जीव असतात.

ताई, तुमच्या शेळीची लाट परत आली असेल तर धीर धरा. आणि सासूबाईंना सांगा, माया पेजेतूनच दाखवायला हवी असे नाही. दिवसातून सहा वेळा उठून ताजा कडबा पुढे टाकणे ही त्याहून मोठी माया आहे.