पडदा अडला तर आधी काय पाहावे?



खिडकीचा पडदा आपल्या घरांत आडोशासाठी आधी आला, शोभेसाठी नंतर. सूरह नूरच्या ५८ व्या आयतीत अशा तीन वेळा सांगितल्या आहेत, ज्या वेळी घरातल्या सेवकांनी आणि वयात न आलेल्या मुलांनीसुद्धा परवानगी घेऊनच आत यावे: फज्रच्या नमाजेपूर्वी, दुपारी कपडे उतरवून विसावा घेताना आणि इशाच्या नमाजेनंतर. घरातल्या माणसांबाबत जर इतकी काळजी घ्यायची, तर समोरच्या इमारतीतून थेट आत दिसणारी खिडकी किरकोळ बाब कशी म्हणावी?

मुंब्रा, कोंढवा, नवी मुंबईतल्या उंच इमारतींत आणि खेड, दापोली, श्रीवर्धनकडे आखातातल्या कमाईतून उभ्या राहिलेल्या बंगल्यांत आता रिमोटने खालीवर होणारे पडदे दिसू लागले आहेत. गुडघे दुखणाऱ्या अम्मींना उंच खिडकीशी झटावे लागत नाही, ही मोठी सोय आहे. लहान मुलाच्या हाती लागणारी लोंबती दोरी नाही, हाही फायदा आहे. अशा दोऱ्यांचा गळ्याला फास बसून मुले दगावली आहेत. म्हणूनच अमेरिकेत दुकानात तयार मिळणाऱ्या पडद्यांना मुलांच्या हाती येईल अशी लांब दोरी नसावी, असे तिथल्या उद्योगाच्या मानकाने २०१८ मध्ये ठरवले. तेव्हा मोटरच्या पडद्याला सरसकट इस्राफ म्हणायला आम्ही तयार नाही.

पण हाच पडदा एखाद्या दिवशी मगरिबच्या वेळी अर्ध्यावर अडतो. बाहेर अंधार, आत दिवे. मुलगा दुबईत ड्युटीवर आणि ॲप त्याच्याच फोनमध्ये. अम्मी आणि सूनबाई दिवा मालवून बसतात. मिस्त्री दोन दिवसांनी येतो, रिमोटचा सेल बदलतो आणि येण्याजाण्याचे पैसे घेऊन जातो. पालकसभेत आणि शेजारात असे किस्से आम्ही बरेच ऐकले. वस्तू ज्यांच्या सोयीसाठी घेतली, त्यांनाच ती तपासता येत नसेल तर ती सोय अर्धीच राहते. म्हणून आज मिस्त्रीला फोन करण्यापूर्वी घरातच काय पाहता येईल, ते क्रमाने पाहू.

एक अडला की सगळे?

सर्वात आधी हा प्रश्न विचारावा. घरातले सगळे पडदे एकदम गप्प झाले, तर दोष बहुधा रिमोटमध्ये, घरच्या विजेत किंवा वायफायमध्ये असतो. एकच अडला आणि बाकीचे चालतात, तर दोष त्या पडद्यापाशी शोधावा. एवढ्याने निम्मे काम होते.

रिमोट

या पडद्यांचे रिमोट बहुतेक रेडिओ लहरींवर चालतात. त्यामुळे टीव्हीच्या रिमोटसारखा नेम धरावा लागत नाही. बटण दाबल्यावर रिमोटचा छोटा दिवा लागत नसेल किंवा मंद लागत असेल, तर सेल बदलावा. काही रिमोटमध्ये पेन्सिल सेलहून बारीक असे दोन सेल असतात, तर काहींमध्ये सीआर २०३२ सारखा नाण्याएवढा चपटा सेल. अधिकची खूण कोणत्या बाजूला आहे ते पाहूनच नवा बसवावा.

दिवा नीट लागतो, तरी पडदा हलत नाही? मग चॅनल पाहावा. एका रिमोटवर पाच-सहा पडदे जोडलेले असले, तर प्रत्येकाचा क्रमांक वेगळा असतो. मुलांनी खेळता खेळता क्रमांक बदलला, की आपण हॉलच्या पडद्याला हुकूम देतो आणि हलतो बेडरूमचा.

चपट्या सेलबाबत एक गोष्ट कळकळीने सांगतो. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. जुना सेल टेबलावर ठेवू नये. चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाती लागणार नाही असा दूर ठेवावा. गिळल्याचा नुसता संशय आला, तरी घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे.

वीज आणि बॅटरी

थेट विजेवर चालणारा पडदा असेल तर त्याचा स्विच आणि एमसीबी पाहावा. रंगकाम किंवा साफसफाई करताना पडद्यामागचा पॉइंट बंद केला जातो आणि नंतर कोणाच्या लक्षातच राहत नाही.

बॅटरीचा पडदा असेल तर त्याची चाल पाहावी. खाली सहज येतो, पण वर जाताना रेंगाळतो किंवा मध्येच थांबतो, हे बॅटरी उतरल्याचे लक्षण आहे. कापड उचलायला जोर जास्त लागतो. मोटरवर लिहिलेल्या व्होल्टचाच चार्जर लावावा. हाताला येईल तो लावू नये. सौर पट्टीवर चालणाऱ्या पडद्याची पट्टी दोन-तीन महिन्यांनी ओल्या फडक्याने पुसावी. धूळ बसली की चार्जिंग मंदावते.

मोटर तापली

मुलांनी दहा वेळा खालीवर केले आणि पडदा एकदम मेला, असे झाले तर घाबरू नये. थेट विजेवर चालणाऱ्या बऱ्याच मोटरी सलग चारेक मिनिटे चालल्या की जळू नयेत म्हणून आपोआप बंद होतात. पंधरा-वीस मिनिटे गार होऊ द्यावी. तोवर बटणे दाबत बसल्याने काही साधत नाही.

कापड आणि हद्द

मोटर एका नळीच्या आत बसवलेली असते आणि कापड त्या नळीवर गुंडाळले जाते. वर कुठे थांबायचे आणि खाली कुठे, या दोन हद्दी तिच्या स्मरणात भरलेल्या असतात. पडदा खिडकीच्या वर चार बोटे थांबत असेल, तर आधी खालची कुंडी, खिडकीची कडी किंवा एखादे खेळणे आड येते का ते पाहावे. काही आड येत नसेल तर हद्द पुन्हा ठरवावी लागते. त्याची रीत प्रत्येक कंपनीची निराळी असते, म्हणून सोबत आलेली पुस्तिका जपून ठेवावी. मोटरच्या टोकाशी असलेले बारीक बटण कुतूहलाने दाबून धरू नये. बऱ्याच मोटरींत त्याने रिमोटची जोडणी आणि हद्दी पुसल्या जातात.

कापड एका बाजूला सरकत जाऊन कडेला घासत असेल, तर दोन्हीकडचे ब्रॅकेट एका पातळीत आहेत का ते पाहावे. पातळी ठीक असूनही कापड डावीकडे सरकत असेल, तर पडदा पूर्ण खाली सोडून उघड्या नळीच्या उजव्या टोकाला कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावावा. उजवीकडे सरकत असेल तर डाव्या टोकाला. हे काम स्टुलावर चढून करायचे असते, म्हणून घरातल्या तरुणांनीच करावे.

आणि गुंडाळणारा पडदा हाताने ओढू नये. आतले दात तुटतात आणि फुकटात सुटणारा दोष महागात पडतो. रुळावर आडवे सरकणारे मोटरचे पडदे मात्र वीज नसताना हाताने सरकवता येतील असे बहुधा बनवलेले असतात. आपला कोणता प्रकार आहे, ते घेतानाच विचारून ठेवावे.

फोन, वायफाय आणि परक्याची नजर

नवा राउटर आणला आणि पडदे ॲपवर दिसेनासे झाले, अशी तक्रार नेहमीची आहे. नव्या राउटरला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, तर पडदे बहुधा पुन्हा जोडले जातात. अशी बरीच उपकरणे फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. राउटरवर तेवढाच पट्टा बंद केलेला नाही ना, ते पाहावे.

पडदा पहाटे आपोआप उघडला, तर काही घरांत लगेच जिन्नची चर्चा सुरू होते. आधी ॲपमधला टायमर पाहावा. सूर्योदयाला उघडण्याची वेळ कोणीतरी लावून ठेवलेली असते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ॲपचे खाते कोणाच्या नावावर आहे, ते तपासावे. कधी बसवणारा माणूस सोयीसाठी स्वतःच्याच फोनवरून सगळे जोडून देतो. ज्याच्या हाती खाते, त्याच्या हाती आपल्या खोलीचा पडदा. खाते घरातल्या माणसाच्या नावावर करावे, पासवर्ड बदलावा. परदेशातल्या मुलाने आपल्या ॲपमधून अम्मींना आणि पत्नीला चालवण्याचा अधिकार द्यावा. जुना फोन विकण्यापूर्वी त्यातले खाते काढून टाकावे. इंटरनेट बंद पडले तरी साधा रिमोट बहुधा काम करतो. तो घरात एका ठरलेल्या जागीच ठेवावा.

मिस्त्रीला कधी बोलवावे?

जळका वास आला, ठिणगी दिसली, वायर सोलवटली, किंवा मोटर घरघरते पण कापड हलत नाही, तर एमसीबी पाडून मिस्त्रीलाच बोलवावे. तिथे स्वतःचे हात घालू नयेत. घरात आणखी कोणी असेल अशी वेळ त्याला द्यावी. त्याने काय केले ते विचारून घ्यावे. कोणताही चांगला कारागीर ते आनंदाने सांगतो.

नवे पडदे घेणाऱ्यांना आमचा एक सल्ला आहे. हॉलमध्ये मोटर लावावी, पण ज्या खोलीत घरातल्या स्त्रिया कपडे बदलतात आणि विसावा घेतात, तिथे मोटरच्या पडद्यामागे साध्या दांडीवर एक सुती पडदाही असू द्यावा. त्याला फार खर्च येत नाही आणि मोटर अडली तरी त्या रात्री दिवा मालवून बसावे लागत नाही.

या रविवारी एक काम करावे. प्रत्येक पडद्याचा चॅनल क्रमांक, सेलचा प्रकार आणि मोटरचा मॉडेल क्रमांक मराठीत किंवा उर्दूत, अम्मींना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहावा आणि रिमोटच्या जागेजवळच भिंतीला लावावा. मग सेल काढून पुन्हा बसवण्यापासून चॅनल बदलण्यापर्यंत सगळे अम्मींच्याच हातून एकदा करून घ्यावे. घाई करू नये. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले, तर दुसऱ्यांदा सांगावे.