अंगठा आमचा, हिशेब कोण देणार?



२९ सप्टेंबर २०१० ला पंतप्रधान आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला आले. देशातले पहिले आधार नंबर तिथे वाटले. फोटो छापून आले. मग कॅम्प पाड्यापाड्यावर यायला लागले. दहा बोटं ठेवा, डोळे दाखवा, झालं. ही माहिती कुठे जाणार, कोण बघणार? सांगायला कोणी तयार नव्हतं.

आम्ही आमच्या पाड्यावर विचारलं. मशीनवाला म्हणाला, "वरून ऑर्डर आहे." फॉर्मवर तेव्हा एक ओळ होती, की माझी माहिती इतरांना द्यायला माझी हरकत नाही. त्या ओळीपुढे 'हो'ची खूण त्यानेच केली. आपल्या बोलीत सोडाच, मराठीतही कोणाला वाचून दाखवलं नाही.

अंगठ्याची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. बापजाद्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठे दिले. कागदात काय लिहिलंय ते कळलं नाही आणि जमिनी गेल्या.

आता उलटं बघा. वनहक्काचा दावा टाकला की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसतो याचा पुरावा आपणच द्यायचा. पण दावा का नामंजूर केला, जीपीएस मोजणीत क्षेत्र किती धरलं, हे विचारायला गेलं की "साहेब मीटिंगला गेलेत." आमची माहिती त्यांना पाहिजे, पण आमच्याच माहितीची नक्कल आम्हाला नाही. हा कुठला न्याय?

आधार सक्तीचं नाही, असं तेव्हा सरकारच म्हणत होतं. मग नंबर घ्यायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण विचारून ठरवावं. या नंबरचा कायदा संसदेत पास झाला तो थेट २०१६ मध्ये. तोवर माहिती भलत्याच्या हाती गेली असती, तर दाद कुठे मागणार होतो?

म्हणून ठरवू या:

१. फॉर्म आपल्या बोलीत वाचून दाखवल्याशिवाय बोट ठेवायचं नाही. फॉर्मवर खूण आपली आपण करायची.

२. पावती घ्यायची, जपून ठेवायची.

३. माहिती कोणाला देणार, याचा लेखी जबाब ग्रामसभेने ठराव करून मागायचा.

४. दाव्याच्या फाईलची नक्कल माहिती अधिकारात मागायची. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडला तर तेही नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

जमीन आमची, अंगठा आमचा! हिशेब द्या!

जिंदाबाद!